रिकाम्या मनगटाची कुळकथा

सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ मध्ये नाशकास गोदावरीच्या काठी जे रामेश्वराचे देऊळ बांधले, त्याच्या तटावर टांगलेल्या प्रचंड घंटेवर १७२१ हा सन कोरलेला असून, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई सर केल्यावर पोर्तुगीजांच्या चर्चमधून ज्या घंटा मराठी मुलखातील देवळांत येऊन पोहोचल्या त्यांपैकीच ही एक, असे परंपरेने मानले जाते. चर्चची घंटा ही मूळची केवळ शोभेची वस्तू नव्हे. प्रार्थनेची, कामाची आणि विश्रांतीची वेळ साऱ्या वस्तीला एकाच ध्वनीने कळवणे हे तिचे नेमून दिलेले काम. त्या काळी वेळ ही सामुदायिक चीज होती. ती गावाची, देवळाची किंवा सरकारची असे, पण एका माणसाच्या अंगावर वागवण्याजोगी खासगी मालमत्ता ती नव्हती. आज नाशिकच्या मेन रोडवर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे हात पाहिले, तर पुष्कळ तरुणांची मनगटे मोकळी दिसतात, कारण वेळ सर्वांच्या खिशात फुकट येऊन पडली आहे. ज्यांनी घड्याळ उतरवून ठेवले, त्यांना स्मार्टवॉच या नव्या यंत्राचा मोह पडेल काय, हा प्रश्न वरकरणी बाजाराचा वाटतो. परंतु घड्याळ मनगटावर कोणत्या कारणाने चढले आणि कोणत्या कारणाने उतरले, याची कुळकथा तपासल्याखेरीज त्याचे उत्तर सापडावयाचे नाही.

या कुळाचा आपल्याकडील मूळपुरुष म्हणजे घटिकापात्र. तळाशी सूक्ष्म छिद्र असलेले तांब्याचे अर्धगोल पात्र पाण्यावर तरंगत ठेवावे, छिद्रातून पाणी आत चढत जावे आणि पात्र बुडाले की एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटे, पुरी झाली असे धरावे. अशा साठ घटिकांचे एक अहोरात्र, आणि एका घटिकेची साठ पळे. लग्नमुहूर्त साधण्यासाठी जोशीबुवा हेच पात्र मांडून बसत आणि बोहल्यावरची मंडळी त्याच्या बुडण्याची वाट पाहत. गुरू सिंह राशीत आला म्हणजे सिंहस्थ भरवणाऱ्या त्र्यंबकेश्वर-नाशिकसारख्या क्षेत्रात तर काळाचा हिशेब हा धर्मकृत्याचाच एक भाग होता. मात्र हा हिशेब ठेवणारे मोजके आणि त्यावर विसंबणारे असंख्य, अशी ती व्यवस्था होती, आणि तिच्यात कोणास काही उणे वाटत नव्हते, कारण घटिका विचारावी असे प्रसंगच सामान्य माणसाच्या आयुष्यात थोडे येत.

ही स्वस्थता मोडली ती आगगाडीने. १८६५ मध्ये थळ घाटातून लोहमार्ग खुला होऊन मुंबई नाशिकला जोडली गेली, आणि पुढे साऱ्या रेल्वेने मद्रासची वेळ प्रमाण धरल्यावर नाशिकच्या माथ्यावरचा सूर्य आणि स्टेशनावरचे घड्याळ यांत सुमारे सव्वीस मिनिटांची तफावत पडू लागली. १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी रेखांशावर आधारलेली भारतीय प्रमाणवेळ अमलात आली तेव्हा ती तफावत सुमारे पस्तीस मिनिटांवर गेली. मुंबई शहराने तर आपली स्थानिक वेळ सोडण्यास इतका विरोध केला, की ती तेथे १९५५ पर्यंत टिकून राहिली. सूर्य पाहून गाडी गाठता येईना, म्हणून घड्याळ बाळगणे प्राप्त झाले. मामलेदार, वकील आणि स्टेशनमास्तर यांच्या बंडीच्या किंवा कोटाच्या खिशात साखळीचे घड्याळ आले, आणि कचेरीची वेळ, कोर्टाची तारीख व गाडीची शिटी यांचा अंमल हळूहळू सर्वांवर बसला.

खिशातून मनगटावर येण्यास मात्र एक निराळेच कारण घडावे लागले. युरोपात मनगटी घड्याळ प्रथम स्त्रियांचा दागिना म्हणून जन्मास आले. ब्रेगे या कारागिराने नेपल्सची राणी कॅरोलिन मुरा हिच्यासाठी १८१० मध्ये असे एक घड्याळ करावयास घेतले होते, आणि पुरुषांनी ते बांधणे दीर्घकाळ नाजूकपणाचे लक्षण समजले गेले. ही समजूत पालटली ती युद्धाने. बोअर युद्धात शिपायांनी खिशातली घड्याळे चामड्याच्या वेष्टणात घालून मनगटाला बांधली. १९०४ मध्ये सांतोस-द्युमाँ या वैमानिकासाठी कार्तिए याने, विमानाच्या दांड्यावरून हात न काढता वेळ पाहता यावी म्हणून, मनगटी घड्याळ सिद्ध केले. आणि पहिल्या महायुद्धात तोफांचा भडिमार केव्हा थांबतो आणि पायदळाने केव्हा पुढे सरकावयाचे, हे सेकंदाच्या हिशेबाने ठरू लागताच मनगटावरचे घड्याळ सैनिकाच्या सरंजामात कायमचे दाखल झाले. नाशिकला लागूनच असलेल्या देवळालीच्या छावणीला, जिथे पुढे तोफखान्याची शाळाही स्थिरावली, या गोष्टीचे महत्त्व समजावून सांगावे लागले नसेल. येथे कुळकथेतला एक सिद्धान्त हाती येतो. घड्याळाने आपली जागा बदलली ती दर वेळी केवळ नवेपणाच्या हौसेने नव्हे. दोन्ही हात गुंतलेल्या माणसास तत्क्षणी उत्तर हवे होते, आणि ते मिळण्याजोगे दुसरे ठिकाण त्याच्याजवळ नव्हते, म्हणून ते मनगटावर गेले.

स्वतंत्र भारतात या सैनिकी वस्तूचे गृहस्थीकरण झाले. हिंदुस्थान मशीन टूल्स (एचएमटी) या सरकारी कारखान्याने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोरला घड्याळे करावयास प्रारंभ केला, आणि ‘जनता’, ‘पायलट’, ‘सोना’ ही नावे घरोघर पोहोचली. नाशिक रोडच्या सिक्युरिटी प्रेस व नोटांच्या छापखान्यात, ओझरच्या विमान कारखान्यात आणि सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या कामगाराच्या आयुष्यात हजेरी ही रोजची कसोटी होती आणि घड्याळ हे तिच्यातले त्याचे साधन. परंतु साधन एवढीच त्याची योग्यता राहिली नाही. मॅट्रिक उत्तीर्ण झालेल्या मुलास, लग्नात जावयास, सेवानिवृत्तीच्या समारंभात ज्येष्ठ सहकाऱ्यास घड्याळ देण्याची वहिवाट पडली. रोज सकाळी ठरल्या वेळी किल्ली देणे हा घरातल्या कर्त्या पुरुषाचा नित्यनेम झाला. आणि वडिलांच्या पश्चात त्यांचे घड्याळ मुलाच्या हाती आले, तर त्या हस्तांतरास वारसाहक्काइतकेच गांभीर्य लाभले.

या वैभवाचा क्षय दोन टप्प्यांनी झाला. १९६९ च्या डिसेंबरात जपानच्या सायकोने पहिले क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ बाजारात आणले. आजच्या बहुतेक घड्याळांत सेकंदास ३२,७६८ वेळा कंप पावणारा स्फटिक बसवलेला असतो. त्याच्यापुढे चाकांची आणि कमानीची कारागिरी अचूकतेत टिकाव धरीना. आपल्याकडे १९८७ पासून टायटनने हे तंत्र लोकप्रिय केले आणि किल्ली देण्याचा नित्यनेम संपला. दुसरा टप्पा मोबाइलचा. ३१ जुलै १९९५ रोजी भारतात पहिला मोबाइल संवाद झाला, आणि पुढील वीस वर्षांत टॉवरकडून आपोआप दुरुस्त होणारी वेळ प्रत्येक खिशात आली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळ-विभाग बंद करण्यास मंजुरी दिली, तेव्हा एका युगाचे दफ्तर रीतसर मिटले. घड्याळ उतरवणारा माणूस आळशी किंवा बेशिस्त झाला, असा दोष त्यास देता येणार नाही. त्याच्या प्रश्नाचे उत्तर अन्यत्र मिळू लागले, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून पुन्हा वेळच दाखवून त्यास मनगटाकडे वळवू पाहणारा प्रयत्न मुळातच व्यर्थ होय.

परंतु मनगटाचा इतिहास घड्याळाहून जुना आहे. घड्याळजीने मनगट हाती घेण्यापूर्वी कित्येक शतके ते वैद्याच्या हाती होते. शार्ङ्गधरसंहितेत नाडीपरीक्षेचे विवेचन येते. अंगठ्याच्या मुळाशी स्पंदणाऱ्या धमनीवर तीन बोटे ठेवून, वाताची गती सर्पासारखी, पित्ताची बेडकासारखी आणि कफाची हंसासारखी, असे निदान वैद्य करीत, आणि नाशिकच्या गणेशवाडीतील आयुर्वेद महाविद्यालयासारख्या संस्थांत ही परंपरा आजही अध्ययनाचा विषय आहे. वैद्य नाडीची जात ओळखी, तिची संख्या मोजण्याकडे त्याचा कल कमी; संख्येसाठी घड्याळाची जोड लागणार होती. ती जोड १७०७ मध्ये सर जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने दिली. केवळ एक मिनिट चालून थांबणारे घड्याळ खास नाडी मोजण्यासाठी त्याने करवून घेतले, आणि काल व नाडी ही दोन घराणी प्रथमच एकमेकांच्या सोयरिकीत आली. १९३० च्या दशकाअखेरीस अमेरिकेत आल्रिक हर्ट्झमन याने त्वचेवर पाडलेल्या प्रकाशावरून रक्ताचा ओघ ओळखण्याची रीत मांडली. आजच्या स्मार्टवॉचच्या पाठीवर लुकलुकणारा हिरवा दिवा हेच करतो: रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते, प्रत्येक ठोक्याबरोबर ते शोषण वाढते-घटते, आणि त्या चढउताराची गणना म्हणजे नाडीचे ठोके. २०१२ मधील पेबल आणि २०१५ मधील ॲपल वॉच यांनी घड्याळाचा आकार कायम ठेवला असला, तरी रक्ताने हे यंत्र घड्याळजीपेक्षा वैद्याचे वंशज आहे.

बाजाराचा अनुभवही याच निष्कर्षास पुष्टी देतो, असे माझे मत आहे. आयडीसी या संस्थेच्या गणनेनुसार २०२३ मध्ये भारतात सुमारे ५.३४ कोटी स्मार्टवॉच दुकानांकडे रवाना झाली, आणि २०२४ मध्ये तो आकडा एक-तृतीयांशाहून अधिक घसरून साडेतीन कोटींवर आला. स्वस्ताईमुळे आणि नवलाईमुळे एकदा घेतलेली वस्तू पुन्हा घ्यावी असे वाटण्यास तिने काहीतरी काम करून दाखवावे लागते. फोनवरचे संदेश मनगटावर खणखणवणे हे असे काम नव्हे, उलट खिशातल्या फोनची कटकटच ते मोकळ्या मनगटावर आणून बांधते.

मग कोणास हे यंत्र खरोखर लागेल? नाशिक जिल्ह्यातच त्याचे उत्तर आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरील कविता राऊत हिने २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत दहा हजार मीटरचे अंतर ३३ मिनिटे ५.२८ सेकंदांत कापून कांस्यपदक मिळवले, आणि २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या मुदतीत पुरी केली. अशा पराक्रमांच्या गावात आज पहाटे गंगापूर रोडने धावणारा, नाशिक-पंढरपूर सायकलवारीची तयारी करणारा किंवा श्रावणात ब्रह्मगिरीच्या फेरीस निघणारा सामान्य माणूस हा त्या सैनिकाच्याच स्थितीत असतो: त्याचे हात गुंतलेले असतात, आणि आपला श्वास कोठवर ताणावा हे त्यास तत्क्षणी जाणावयाचे असते. त्याच्याइतकाच निकडीचा प्रश्न हृदयविकारातून उठलेल्या वृद्धाचा, आणि दूरदेशी राहून त्याची काळजी वाहणाऱ्या मुलांचा आहे.

मात्र येथे वैद्याचे व्रत यंत्रालाही लागू होते, ते म्हणजे जेवढे कळले तेवढेच सांगण्याचे. स्टॅनफर्ड विद्यापीठाने सुमारे ४ लाख १९ हजार लोकांवर केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अनियमित नाडीची सूचना सुमारे अर्ध्या टक्क्यासच मिळाली, आणि त्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवर पट्टी लावून तपासणी करून घेतली, त्यांच्यातील सुमारे एक-तृतीयांशांत हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा दोष आढळला. म्हणजे सूचना ही वैद्याकडे जाण्याची चिठ्ठी आहे, निदानाचा दाखला नव्हे. पट्टा सैल असेल, हात हलत असेल, तर गणना चुकते. त्वचा सावळी असली की हिरवा प्रकाश तिच्यातच अधिक शोषला जातो, ही गोष्ट आपल्या लोकांच्या बाबतीत विशेष ध्यानात ठेवावयास हवी. सुई न टोचता रक्तातील साखर सांगतो असा दावा करणाऱ्या घड्याळांविरुद्ध अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये उघड इशारा दिला आहे, आणि घराघरांत मधुमेह असलेल्या आपल्या समाजाने तो शिरोधार्य मानावा.

एक गोष्ट हे यंत्र कधीच परत आणू शकणार नाही, आणि तिची हळहळ मला मनापासून वाटते. चार-पाच वर्षांत ज्याची विद्युत्घटी क्षीण होते आणि ज्याची आज्ञावली कालबाह्य ठरते, ते वडिलांकडून मुलाकडे जाऊ शकत नाही; वारसा म्हणून मनगटाला बांधण्याची वस्तू अद्याप जुने किल्लीचे घड्याळच आहे, आणि ज्यांच्या घरी ते असेल त्यांनी ते दुरुस्त करवून जरूर वापरावे. बाकीच्यांसाठी निकष सोपा आहे. आपल्या देहाविषयी ज्याच्यापाशी खरा प्रश्न आहे, आणि मिळणाऱ्या उत्तरावर काही करण्याची ज्याची तयारी आहे, त्याने निःशंकपणे हे यंत्र बांधावे. ज्याच्यापाशी तो प्रश्न नाही, त्याचे मोकळे मनगट हे कोणत्याही उणिवेचे चिन्ह नसून त्याची गरज भागल्याचा स्वच्छ पुरावा आहे, आणि उत्पादकांनीही त्यास कमीपणा न दाखवता, खरी निकड असलेल्या माणसाची सेवा अधिक प्रामाणिकपणे कशी करता येईल याकडेच आपली बुद्धी वळवावी.