आधी काडतूस, मग बंदूक

काडतूस म्हटलं की मराठी वाचकाला १८५७ आठवतं. एनफील्ड रायफलीचं ते काडतूस म्हणजे कागदाची पुडी. आत दारू आणि शिशाची गोळी, वरून चरबीचा हात. पुडी दातांनी फोडायची, दारू नळीच्या तोंडातून आत ओतायची, गोळी गजाने ठासायची, मागे टोपी बसवायची आणि मग बार काढायचा. सरावलेल्या शिपायाचे मिनिटाला तीन बार होत. याच १८५७ साली अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात ऑलिव्हर विंचेस्टर हा शर्टांचा कारखानदार एका बुडालेल्या बंदूक-कंपनीची मालमत्ता घेऊन नवी कंपनी उभी करत होता. आधीच्या कंपनीत त्याचे पैसे अडकले होते.

मी या विषयाकडे वळलो तो एका चुकीमुळे. माझी हयात लेथवर आणि फिटिंगच्या टेबलाशी गेली. इतिहास शिकलो तो सुट्टीच्या दिवशी ग्रंथालयात बसून. एका जुन्या वाड्यातल्या संग्रहात खाली तरफ असलेली मार्टिनी-हेन्री रायफल पाहिली होती. पुढे अमेरिकन ‘हेन्री’चं चित्र पाहिलं, तिलाही खाली तरफ, आणि दोन्ही एकाच माणसाच्या असं एका व्याख्यानात ठोकून दिलं. साफ चूक. मार्टिनी-हेन्रीतला हेन्री म्हणजे एडिंबरोचा अलेक्झांडर हेन्री. त्या रायफलीची तरफ दाबली की मागचं तोंड उघडतं, हाताने एक काडतूस घालायचं, एक बार काढायचा. न्यू हेवनचा हेन्री म्हणजे बेंजामिन टायलर. त्याची तरफ फिरवली की बंदूक पुढचं काडतूस आपलं आपण उचलते. चूक निस्तरताना जे वाचलं त्याचा हा लेख.

सुरुवात वॉल्टर हंटपासून करावी लागते. हा तोच माणूस, ज्याने १८४९ मध्ये सेफ्टी पिनचं पेटंट घेतलं. त्याने १८४८ मध्ये एक वेगळीच गोळी काढली: बुडाशी पोकळ आणि त्या पोकळीतच दारू. वेगळी पुडी नको, कागद नको. या गोळ्या एकामागे एक नळीखालच्या दुसऱ्या नळीत भरायच्या, ही बंदूक त्याने पुढच्याच वर्षी मांडली. तिची यंत्रणा फार नाजूक होती. लुईस जेनिंग्ज, मग होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांनी ती सुधारत नेली आणि १८५५ मध्ये ‘व्होल्कॅनिक’ कंपनी निघाली. तीच पुढे बुडाली.

कारागीर म्हणून मला इथे थांबावंसं वाटतं. व्होल्कॅनिकचे भाग पाहिले तर यंत्र जवळजवळ तयार होतं. तरफ खाली-पुढे ढकलली की गुडघ्यासारख्या जोडलेल्या दोन दांड्या मुडपतात, अडसर मागे सरकतो आणि घोडा चढतो. त्याच वेळी एक ठोकळा नवी गोळी नळीसमोर उचलून धरतो. तरफ परत ओढली की दांड्या ताठ होतात, अडसर गोळी आत ढकलतो, आणि ताठ गुडघ्यासारखा तिथेच अडकून राहतो. मग कंपनी बुडाली कशी? एक म्हणजे गोळीच्या पोकळीत दारू मावेल ती कितीशी! मारा दुबळा. दुसरं म्हणजे स्फोटाचा वायू मागच्या फटीतून निसटे.

बेंजामिन हेन्रीचं खरं काम या दोन दोषांवरचं आहे. त्याने तांब्याच्या कवचाचं काडतूस घडवलं. दारू उडताच कवच फुगून नळीला चिकटतं आणि फट बुजवतं. दाब ओसरला की सैल पडतं आणि अडसराची नखी त्याला ओढून बाहेर फेकते. रायफलीचं पेटंट १६ ऑक्टोबर १८६० चं आहे. तिच्या नळीत १६ काडतुसं मावत. माझ्या मते तरफेच्या रायफलीचा जन्म तरफेत नाही, या तांब्याच्या टोपणात आहे.

अमेरिकन लष्कराला तिचं कौतुक नव्हतं. दारूगोळा विभागाचा प्रमुख जेम्स रिप्ली याला वाटे की शिपाई काडतुसं उधळतील. हेन्रीची किंमत ४० डॉलरच्या वर, शिपायाचा पगार महिना १३ डॉलर. यादवी युद्धात सरकारने घेतल्या त्या १,७३१. इलिनॉयच्या काही शिपायांनी मात्र पदरमोड करून घेतल्या. तरफेचीच स्पेन्सर कार्बाइन लष्कराने नव्वद हजारांहून अधिक घेतली. तिची सात काडतुसं दस्त्यात भरत, पण घोडा दर वेळी अंगठ्याने चढवावा लागे.

हेन्रीची उघडी फट चिखलाने भरे. नेल्सन किंगने बाजूने काडतुसं भरायची खिडकी दिली आणि १८६६ चं मॉडेल बाजारात आलं ते विंचेस्टरच्या नावाने. हेन्रीचं नाव गेलं, फक्त काडतुसाच्या बुडावर ‘एच’ अक्षर उरलं. पुढे १८७३ चं मॉडेल, ब्राउनिंगचं भक्कम १८८६ चं, १८९४ चं (ते सत्तर लाखांहून अधिक विकलं गेलं), आणि १८९५ चं, जे पहिल्या महायुद्धात रशियाने जवळपास तीन लाख घेतलं. स्वतःच्या देशाच्या पायदळाने मात्र यातलं काहीच मुख्य हत्यार म्हणून घेतलं नाही. ‘पश्चिम जिंकणारी बंदूक’ ही बिरुदावली विसाव्या शतकातल्या जाहिरातीची.

मला अडकवून ठेवलं ते १८७६ ने. २५ जूनला लिटल बिगहॉर्न नदीकाठी कस्टर आणि त्याच्या थेट हाताखालचे दोनशेहून अधिक घोडेस्वार मारले गेले. घोडेस्वारांकडे एकबारी स्प्रिंगफील्ड होत्या. हेन्री आणि विंचेस्टर होत्या त्या समोरच्या लकोटा-शायेन योद्ध्यांपैकी अनेकांकडे. बाकीच्यांकडे धनुष्यं आणि ठासणीच्या बंदुका.

सहा आठवड्यांत, ५ ऑगस्टला, अमेरिकन काँग्रेसने ठराव केला. तो वाचून मी चमकलो. धातूची खास काडतुसं शत्रू टोळ्यांपर्यंत पोचू नयेत म्हणून हवी ती उपाययोजना करण्याचा अधिकार त्यात राष्ट्राध्यक्षाला दिला आहे. रोख काडतुसांवर. ज्याने तो लिहिला त्याला बंदूक कळत होती. ठासणीच्या बंदुकीला दारू आणि शिसं कुठूनही मिळवता येई, गोळी चुलीवर ओतता येई. हेन्रीच्या काडतुसात स्फोटक मसाला बुडाच्या कडेत भरलेला असे. एकदा उडाला की ते कवच पुन्हा भरणं जवळजवळ अशक्य. ते काडतूस फक्त कारखान्यातून येई. फेब्रुवारी १८७७ मध्ये ब्लॅक हिल्स काढून घेणारा कायदा झाला, मे महिन्यात क्रेझी हॉर्स शरण आला. त्याला भूक आणि थंडीही कारण होती, हे नाकारत नाही. आपल्याकडे १८७८ च्या शस्त्रकायद्यात परवाना हत्याराइतकाच दारूगोळ्यालाही लागू झाला, हे मला त्यानंतरच लक्षात आलं.

१९८३ च्या ऑगस्टमध्ये लिटल बिगहॉर्नच्या माळाला वणवा लागला आणि गवताखालची जमीन उघडी पडली. पुढची दोन वर्षं पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधक यंत्रं घेऊन ती पिंजून काढली. प्रत्येक बंदुकीची सुई कवचावर आपली खूण उमटवते, त्यावरून एकच बंदूक रणभूमीवर कुठून कुठे सरकली हे त्यांनी लावलं. हेन्रीची आणि १८६६ च्या विंचेस्टरची सुई दोन टोकांची. तिथे सापडलेल्या काही कवचांच्या कडेवर या दुहेरी खुणा एकाहून अधिक वेळा उमटल्या आहेत: बार उडाला नाही, म्हणून तेच काडतूस पुन्हा लावून पाहिलेलं.