वार पडल्यानंतरचे दोन तास
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बाळ रडलं की घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो. बाळंतपण करणाऱ्या नर्सबाईचा मात्र पडत नाही. वार पडली का, पूर्ण पडली का, पोटावर हात ठेवल्यावर गर्भपिशवी घट्ट लागते की सैल, अंगावरून किती जातंय, हे ती पाहत असते. बाहेर पेढ्यांची गोष्ट सुरू झालेली असते आणि आत सगळ्यात जोखमीची वेळ नुकतीच सुरू होते.

दिवस भरलेल्या गर्भपिशवीतून दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त वाहत असतं. वार सुटली की त्या जागच्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. त्यांना आवळून बंद करतात ते पिशवीचेच स्नायू. पिशवी आवळली नाही, तर धडधाकट बाईसुद्धा दोन तासांत हातची जाऊ शकते. भारतात २००१ ते २००३ या काळातल्या मातामृत्यूंची कारणं तपासली गेली, तेव्हा त्यांतले ३८ टक्के मृत्यू रक्तस्रावाचे निघाले. त्या काळी निम्म्याहून जास्त बाळंतपणं घरीच होत होती, हेही लक्षात घ्यायला हवं.

जुन्या सुइणींना या धोक्याची पुरेपूर जाणीव होती. वार पडेना झाली तर बाळंतिणीच्या तोंडात तिचीच वेणी कोंबून तिला उमासे आणायचे, हा उपाय देशात अनेक ठिकाणी चालत असे. पोट चोळणं, बाळाला लगेच छातीशी धरणं हेही होतंच. आज आपण वेणीला हसतो, पण उरलेल्या दोन गोष्टी शास्त्राला मान्य आहेत. बाळ दूध ओढू लागलं की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन सुटतं आणि पिशवी आवळते.

औषधाचा इतिहासही सुइणींपासूनच सुरू होतो. बाजरीच्या कणसावर येणारा अरगट हा रोग आपल्या शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. त्या बुरशीची भाऊबंद युरोपात राय नावाच्या धान्यावर येते. ती दिली की कळा वाढतात, हे तिथल्या सुइणींना ठाऊक होतं. १५८२ सालच्या एका जर्मन वनस्पतीग्रंथात तशी नोंद सापडते. अमेरिकेत जॉन स्टर्न्स या डॉक्टरने १८०८ मध्ये हे औषध वैद्यकाच्या दरबारात आणलं. मात्र ते बाळ जन्मण्याआधी देण्यात आलं आणि आई-बाळ दोघंही दगावू लागली. मग शहाणपण आलं, की हे औषध बाळ बाहेर आल्यानंतरचं आहे. १९३५ मध्ये लंडनच्या डडली आणि मॉयर यांनी त्यातला नेमका घटक, अर्गोमेट्रिन, वेगळा काढला. त्याच्या आधी १९०६ मध्ये हेन्री डेल यांना मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीच्या अर्काने पिशवी आवळते असं दिसलं होतं. त्या अर्कातलं ऑक्सिटोसिन विन्सेंट द्यू विन्यो यांनी १९५३ मध्ये प्रयोगशाळेत तयार केलं. १९५५ चं नोबेल त्यांना मिळालं.

म्हणजे इलाज सापडून अर्धं शतक उलटून गेलं आहे. अडचण होती ती थंडाव्याची. ऑक्सिटोसिनची कुपी दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते. ज्या उपकेंद्रात फ्रीज नाही, किंवा फ्रीज आहे पण लोडशेडिंगमुळे दिवसाचे आठ-दहा तास वीज नाही, तिथे ती कुपी म्हणजे केवळ मनाचं समाधान. शिवाय हेच इंजेक्शन गाईम्हशींना पान्हा फुटावा म्हणून टोचलं जाऊ लागलं आणि बदनाम झालं. त्यावर उपाय म्हणून २०१८ मध्ये केंद्र सरकारने खासगी कंपन्यांना देशातल्या विक्रीसाठी ते बनवायलाच मनाई केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला. म्हशीच्या दुधाची चिंता करताना बाळंतिणीचा विसर पडावा, याला काय म्हणावं!

आता बेळगावकडे वळू. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत २००२ ते २००५ या काळात, तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर एक चाचणी घेतली. औषध होतं मिसोप्रोस्टॉल, मूळचं जठराच्या अल्सरवरचं. गोळी स्वस्त, फ्रीज नको, सुई नको. घरी आणि उपकेंद्रात बाळंतपण करणाऱ्या नर्सबाईंनीच ती द्यायची होती. १६२० बायकांपैकी निम्म्यांना खरी गोळी मिळाली आणि निम्म्यांना औषध नसलेली. निकाल २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. अर्ध्या लिटरच्या वर रक्त जाण्याचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं होतं. एक लिटरच्या वर जाण्याचं १.२ वरून ०.२ वर. गोळीने हुडहुडी भरते, हा त्रास मात्र पुष्कळ जणींना झाला.

औषध नसलेली गोळी देणं योग्य होतं का, हा प्रश्न उरतोच. त्या भागातल्या नर्सबाईंच्या हाती असं कुठलंच औषध तेव्हा नसे, म्हणून तुलना 'काहीच नाही' याच्याशी केली, असं त्यावर उत्तर देता येतं. मला ते अर्धंच पटतं. औषध जगात होतं, फक्त त्या खेड्यापर्यंत पोचलं नव्हतं. पण याच चाचणीमुळे जगभरच्या नर्सबाईंच्या पिशवीत ही गोळी जायला बळ मिळालं, हेही खरं. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ती अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

मला मात्र बेळगावची दुसरी वस्तू गोळीपेक्षा मोलाची वाटते. ती म्हणजे प्लॅस्टिकचा एक साधा कागद. चाचणीसाठी रक्त मोजायचं कसं? तोवर अंदाज डोळ्यांनीच. लुगडं किती भिजलं, फडकी किती लागली, जमिनीवर किती सांडलं. अनुभवी डोळासुद्धा इथे फसतो, आणि नेहमी कमीच सांगतो. तिथल्या मंडळींनी बाळंतिणीखाली अंथरायची, खाली नरसाळ्यासारखी निमुळती होणारी पिशवी केली आणि तिच्यावर मिलिलिटरच्या खुणा छापल्या. नजरेचा अंदाज या पिशवीच्या मापापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी भरतो, असं त्यांना दिसून आलं.

याच जातीची पिशवी पुढे आफ्रिकेत गेली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या रुग्णालयांत दोन लाखांहून जास्त बाळंतपणांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०२३ मध्ये जाहीर झाला. पद्धत अशी, की पिशवीने धोका दाखवला की नर्सबाईने डॉक्टरची वाट पाहायची नाही. पोट चोळायचं, पिशवी आवळणारं औषध द्यायचं, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड आणि सलाइन लावायचं, फाटलंय का किंवा वारेचा तुकडा राहिलाय का ते तपासायचं, आणि तरीही थांबलं नाही तर पुढची मदत बोलवायची. एकामागून एक नाही, सगळं एकदम. पूर्वी हे उपाय एकेक करून बघत आणि त्यातच वेळ जाई. नेहमीच्या पद्धतीत निम्मेच रक्तस्राव वेळेत ओळखले जात होते. पिशवीमुळे ९३ टक्के ओळखले गेले. एक लिटरवर रक्त जाणं, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्यानेच मृत्यू होणं, यांचं एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ वर आलं.

यातलं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड १९६० च्या दशकात जपानमध्ये उताको ओकामोतो या बाईंनी पतीबरोबर शोधलं. बाळंतिणींवर त्याची मोठी चाचणी व्हायला २०१७ साल उजाडलं. वीस हजार बायकांच्या त्या चाचणीत कळलं, की ते पहिल्या तीन तासांत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात.

ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी तर याहून साधी युक्ती काढली. रबरी नळीला निरोध बांधायचा, तो पिशवीत सरकवायचा आणि सलाइनने फुगवायचा, म्हणजे आतून दाब बसतो. २००१-०२ मध्ये त्यांनी २३ बायकांवर ही युक्ती वापरली आणि सगळ्याच वाचल्या. महागड्या परदेशी फुग्याचं काम काही रुपयांत झालं.

२००५-०६ मध्ये देशातली ३९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत ती ८९ टक्के झाली. त्यामुळे आज हा प्रसंग बहुधा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या टेबलावर घडतो. रात्री दोन वाजता तिथे अनेकदा एकच नर्सबाई असते, आणि रक्तपेढी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये नवी सूचना दिली, की नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला दिसला तर अर्ध्या लिटरची वाट न पाहता ३०० मिलिलिटरवरच उपचार सुरू करावेत. ते ३०० मिलिलिटर ओळखायला त्या टेबलावर खुणांची पिशवी आहे का, आणि शेजारच्या फ्रीजमधली कुपी थंड आहे का, हे तिला पाळी सुरू होतानाच बघून ठेवावं लागतं.