नोकरीची जाहिरात: खरी कशी ओळखावी आणि अर्ज कसा करावा?

व्हॉट्सॲप ग्रुपवर भरतीच्या जाहिराती सतत फिरत असतात. त्यांतल्या काही खऱ्या असतात, काहींची मुदत संपलेली असते आणि काही चक्क फसव्या असतात. त्यामुळे अर्जाची घाई करण्याआधी जाहिरात तपासून ती शेवटपर्यंत वाचणे गरजेचे आहे.

जाहिराती कुठे पाहाव्यात?

केंद्र सरकारच्या भरतीसाठी ‘रोजगार समाचार’ हे साप्ताहिक १९७६ पासून प्रसिद्ध होते. राज्यातील पदांसाठी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे संकेतस्थळ आणि ‘महास्वयम’ पोर्टल आहे. केंद्राच्या ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ पोर्टलवर (सुरुवात २०१५) खासगी जागाही असतात.

खरी की खोटी?

• फॉरवर्ड आलेल्या फोटोवर विसंबू नये. जाहिरात क्रमांक घेऊन संस्थेच्या मूळ संकेतस्थळावर ती शोधावी.
• सरकारी संकेतस्थळाचा पत्ता बहुधा ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ असा संपतो. ही अक्षरे पत्त्याच्या मध्येच कुठेतरी असतील, तर सावध व्हावे.
• सरकारी परीक्षेचे शुल्क अधिकृत पोर्टलवरच भरायचे असते. कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर ‘नोंदणी’, ‘प्रशिक्षण’ किंवा ‘लॅपटॉपची अनामत’ म्हणून पैसे मागितले, तर ती फसवणूक समजावी.
• परदेशातील नोकरी देणारा एजंट ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर नोंदणीकृत आहे का, हे पाहावे.

जाहिरात कशी वाचावी?

पात्र उमेदवारांचे अर्जही अनेकदा तारखांमुळे बाद होतात. वय आणि शैक्षणिक अर्हता कोणत्या तारखेला मोजली जाणार, हे जाहिरातीत दिलेले असते. अंतिम वर्षाचा निकाल त्या तारखेनंतर लागला, तर अर्ज अपात्र ठरू शकतो. नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्राची वैधताही आधीच तपासावी, कारण नवे मिळायला वेळ लागतो. नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच भरावी.

‘आवश्यक’ आणि ‘प्राधान्य’ यांतला फरकही ओळखावा. आवश्यक अट पूर्ण होत नसेल, तर अर्जाचा उपयोग नसतो. ‘प्राधान्य’ म्हणून दिलेली बाब नसली, तरी अर्ज करता येतो.

खासगी नोकरीसाठी अर्ज

एकच बायोडाटा सगळीकडे पाठवण्यापेक्षा तो प्रत्येक जाहिरातीनुसार बदलावा. अकाउंटंटच्या जाहिरातीत टॅली आणि जीएसटी मागितले असेल, तर ‘मेहनती व प्रामाणिक’ असे लिहून काही साधत नाही. ‘दोन वर्षे टॅलीमध्ये खरेदी-विक्रीच्या नोंदी केल्या, दरमहा जीएसटी विवरणपत्रे तयार केली’ असे लिहावे. अर्थात, जे केले आहे तेवढेच लिहावे, कारण मुलाखतीत त्यावरच प्रश्न येतात.

ईमेलच्या विषयात पदाचे नाव व जाहिरात क्रमांक असावा. मजकूर चार-पाच ओळींचा पुरे. बायोडाटा पीडीएफमध्ये जोडून फाइलला स्वतःचे नाव द्यावे. उत्तर आले नाही, तर साधारण आठवड्याने एकदा विचारणा करावी. कुठे, कोणत्या पदासाठी आणि कधी अर्ज केला, याची वहीत नोंद ठेवावी. अचानक फोन आल्यास गोंधळ होत नाही.

फसवणूक झाल्यास

पैसे गेले असतील, तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. जितक्या लवकर तक्रार होईल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते. चॅट, पावत्या आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून जपून ठेवावा.