वरची ओळ ज्याची त्याची

पनवेलच्या जुन्या गावात बेथ एल नावाचं सिनेगॉग आहे, १८४९ सालचं. सिनेगॉग हा शब्द आमच्याकडे उशिरा आला. जुन्या माणसांच्या तोंडी ती ‘इस्रायलांची मशीद’, आणि बेने इस्रायल स्वतःही मशीदच म्हणायचे. मुंबईत सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली त्यांचं पहिलं प्रार्थनाघर बांधलं, त्यावरूनच मशीद बंदर स्टेशनला नाव पडलं असंही सांगतात. जिथे मूर्ती नाही आणि जिथे तोंड पश्चिमेकडे करून प्रार्थना होते ती मशीद, एवढी ओळख कोकणाला पुरत होती. मक्का काय आणि जेरुसलेम काय, दोन्ही आमच्या समुद्राच्या पलीकडेच.

या लोकांची कथा बहुतेकांना माहीत असते. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचा हा वंश. कथा किती जुनी आणि कितपत खरी, यावर विद्वानांनी भांडावं. माझ्यासारख्या माणसाला त्यांच्या आडनावांतून जास्त इतिहास वाचता येतो. पेणकर, दिवेकर, नवगावकर, राजपूरकर, केहिमकर, झिराडकर, अष्टमकर. माणूस गावाचं नाव लावतो म्हणजे गावाने त्याला कधीतरी आपलं म्हटलेलं असतं. धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून नाव ‘शनवार तेली’. त्या दिवशी घाण्याच्या बैलालाही जुंपायचं नाही, अशी त्यांच्या शास्त्राची आज्ञाच आहे. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात आठवड्याची हक्काची सुट्टी त्यांच्या बैलांनाच पहिली मिळाली असणार.

मी छापखानेवाला. वडिलांनी जुन्या पनवेलमध्ये एक ट्रेडल मशीन टाकलं, मी टाइपाचे खिळे जुळवत मोठा झालो, आता मुलगा ऑफसेट बघतो. गळ्यात तुळशीची माळ आहे, एकादशी चुकवत नाही. हे सांगतो अशासाठी की पुढचं लिखाण एका माळकऱ्याचं आहे. सगळे धर्म सारखेच, असं म्हणत हिंडणाऱ्या माणसाचं ते नव्हे. ते सारखे नाहीत हे लग्नपत्रिका छापणाऱ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? वडिलांनी टाइपकेसच्या एका खणात वरच्या ओळीची सामग्री वेगळी ठेवली होती. ‘श्री गजानन प्रसन्न’ कायम जुळवून बांधलेलं. कोकणी मुसलमानांच्या पत्रिकेसाठी ७८६. ख्रिस्ती गिऱ्हाइकांसाठी क्रूस. आणि सहा टोकांच्या ताऱ्याचा एक ब्लॉक, कारण हिब्रू अक्षरांचे खिळे आमच्याकडे नव्हते. वरची ओळ ज्याची त्याची. त्याखाली मात्र सगळ्यांचा मजकूर एकच, आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे.

त्या वरच्या ओळीला हात लावायचा नाही, हा आमच्या धंद्याचा नियम होता. जुन्या पनवेलचाही जवळपास तोच होता असं मला वाटतं.

शेजारी एक बेने इस्रायल कुटुंब राहायचं. आमच्याकडे सत्यनारायण असला की काका-काकू यायचे, बसायचे, कथा ऐकायचे. प्रसाद घ्यायचे नाहीत, कारण मूर्तीपुढे ठेवलेलं अन्न त्यांना चालत नाही. मग आई नैवेद्य दाखवण्याआधीच एका वाटीत शिरा वेगळा काढायची. तो प्रसाद झालेला नसे, नुसता शिरा असे. आजीला हे अजिबात पटायचं नाही. देवाच्या आधी माणसाला काढून ठेवणं म्हणजे काय, असं ती दर वेळी बोलून दाखवायची आणि दर वेळी वाटी निघायची. तिकडून मलिद्याचं ताट यायचं. गोड पोहे, वर खोबरं, वेलदोडा, सुका मेवा, खजूर आणि फळं. मटण त्यांनी आम्हा माळकऱ्यांच्या ताटात कधी वाढलं नाही, आणि त्यासाठी आम्हाला काही सांगावं लागलं नाही.

दुसऱ्याच्या देवापुढे हात जोडायला फारसं काही लागत नाही. आपण हिंदू तर कुठेही जोडतो, त्यात मोठेपणा कसला? दुसऱ्याचं ‘नको’ लक्षात ठेवायचं आणि वाटी वेगळी काढायची, याला खरे कष्ट पडतात. ‘शनवार तेली’ या नावात शेजाऱ्यांनी नेमकं तेच लक्षात ठेवलं, की हा माणूस अमुक दिवशी काम करणार नाही. सांगतात की दावीद रहाबी नावाच्या बाहेरून आलेल्या यहुद्याने हे आपलेच लोक आहेत हे ओळखलं तेही अशाच नकारांवरून. बायकांपुढे मिसळलेली मासळी ठेवली, तर त्यांनी खवले आणि पर नसलेली बाजूला काढली. कोकणात राहून कोळंबी आणि चिंबोरी न खाणारी माणसं वेगळीच असणार, हे ओळखायला धर्मशास्त्र कशाला हवं!

अर्थात याला रामराज्य म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. तेल्याची जात म्हणून गावाच्या उतरंडीत जी जागा होती तीच यांनाही होती, वर नव्हती. त्यांच्यातही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन भाग होते आणि गोऱ्यांची काळ्यांशी सोयरीक होत नसे. म्हणजे आपली खोड त्यांनीही उचलली. गाईचं मांस वर्ज्य मानणं, विधवेचं लग्न टाळणं, हेही शेजारून आलेलं. शेजार काय काय देईल याचा नेम नसतो.

शेजाराने दिलेल्या गोष्टींत मला सर्वांत गमतीची वाटते ती हिब्रूची हकीकत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या लोकांना हिब्रू फारसं उरलं नव्हतं. ते शिकवलं ख्रिस्ती मिशनऱ्यांनी. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं, मिशनच्या शाळांत बेने इस्रायल मुलं बसू लागली, जुना करार मराठीत हातात आला. मिशनऱ्यांचा हेतू उघड होता, यांना येशूपर्यंत आणावं. ख्रिस्ती झाले ते मोजके. बाकीच्यांनी नवं शिकलेलं हिब्रू घेतलं आणि ते जास्त पक्के यहुदी झाले. पुढच्या काही दशकांत कोकणात एकामागून एक प्रार्थनाघरं उभी राहिली. रेवदंडा १८४२, अलिबाग १८४८, पनवेल १८४९, पेण १८६३. विल्सनसाहेबांच्या मनात काय आलं असेल कोण जाणे.

पुण्यात १८७४ साली हगादा छापली गेली. वल्हांडणाच्या रात्री वाचायचं हे पुस्तक हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी ठेवून छापलेलं आहे. त्यातल्या चित्रात लुगडं नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकऱ्या करताना दिसतात. मिसरमधून सुटका झाल्याची गोष्ट, आणि पोळपाट आपल्याकडचे. छापणाऱ्याच्या नजरेने सांगतो, उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी आणि डावीकडून उजवीकडे जाणारी लिपी एका पानात बसवणं हे जिकिरीचं काम आहे. दोन्हींचा समास सांभाळावा लागतो.

मग १८८० च्या सुमारास कीर्तन आलं. मुंबईच्या बेने इस्रायलांपैकी काही तरुणांनी हिंदू कीर्तनं ऐकली आणि हे आपल्याकडे का नको, असा विचार केला. बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांच्यासारख्यांनी कीर्तनं रचली आणि छापली. आख्यान अब्राहामाचं, योसेफाचं, मोशेचं. चाली साकी, दिंडी, आर्या, ओवी, अभंगाच्या. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात कथा, सगळं आपल्या हरदासासारखं. देव मात्र त्यांचाच. त्यात विठ्ठल आणून बसवला नाही, आणि आम्हा वारकऱ्यांना खूश करायला कोणी तसं सुचवलंही नसावं. चाल उसनी घ्यायची आणि वरच्या ओळीला धक्का लावायचा नाही, ही जाण त्या लोकांना होती. आजचे सर्वधर्म प्रार्थनेचे कार्यक्रम मी काही पाहिले आहेत. तिथे पाच धर्मांची पाच कडवी एका चालीत बसवलेली असतात, ऐकायला बरी वाटतात, पण ती कोणाचीच नसतात.

दिनदर्शिका छापू लागलो तेव्हा मला आणखी एक गोष्ट उमगली. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून ठेवला, तो १९३७ साली तेल अवीवला छापला गेला. त्यात सणांची जुनी कोकणी नावं आहेत. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, शिळा सण, होळीचा सण, बिरड्याचा रोजा. एका महिन्याच्या उपासांना चक्क रमजान. आणि एलियाहू हनाबीचा, म्हणजे एलिया संदेष्ट्याचा, उरूस. खीर आणि बिरडं आमच्या चुलीवरचं, रोजा आणि उरूस मोहल्ल्यातला, सण मोशेचा.

यहुदी पंचांग चंद्रावर चालतं आणि एकोणीस वर्षांत सात महिने जादा धरून सूर्याशी मेळ घालतं. आपला अधिक मास तेच करतो. त्यामुळे बऱ्याच वर्षी दोन्ही पंचांगं हातात हात घालून चालतात. २०२५ चंच बघा. त्यांचा पुरीम आणि आपली धुळवड १४ मार्चला. वल्हांडणाची पहिली रात्र आणि हनुमान जयंती १२ एप्रिलला. २२ सप्टेंबरला आपली घटस्थापना, त्याच संध्याकाळी त्यांचं नवं वर्ष लागलं. आणि २ ऑक्टोबरला दसरा, योम किप्पूर आणि गांधी जयंती तिन्ही एकदम. पुरीमला होळीचा सण का म्हणत असत हे सांगायला मग वेगळा पुरावा लागत नाही. पौर्णिमा एकच होती.

योम किप्पूर म्हणजेच दारफळणी. पांढरे कपडे, कडक उपास, दार लावून घेतलेलं, बाहेरच्या कोणाशी बोलणं नाही. दसरा त्याच दिवशी आला की आमच्याकडची पोरं आपट्याची पानं घेऊन घरोघर पळायची. त्यांच्या दाराशी गेलो की आई हाक मारून परत बोलवायची, “आज त्यांचं दार बंद. सोनं उद्या.” दुसरा दिवस शिळ्या सणाचा. त्या दिवशी दार उघडायचं, दानधर्म व्हायचा, येणं-जाणं व्हायचं, आणि आम्ही आदल्या दिवशीची थोडी सुकलेली पानं काकांच्या हातात द्यायचो. ते डोक्याला लावून घ्यायचे. बंद दाराचा आम्हाला कधी राग आला नाही, कारण ते कधी उघडणार हे आम्हाला ठाऊक होतं.

एलियाहू हनाबीच्या उरुसाची पौर्णिमा साधारण पौष-माघातली. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर एलियाहूच्या घोड्याच्या टापांच्या खुणा आहेत अशी त्यांची श्रद्धा. तिथे जातात, मलिदा करतात. इकडे आमच्या उत्तरेला मलंगगड. तिथला उरूस हिजरी तारखेला न होता माघी पौर्णिमेला होतो, आणि दर्ग्याची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या कल्याणच्या केतकर या ब्राह्मण घराण्याकडे राहिली. २०२५ साली दोन्ही उरूस एकाच पौर्णिमेच्या आगेमागे आले. मलंगगडावर गेली चाळीसेक वर्षं समाधी की दर्गा असा वाद पेटलेला आहे. त्यावर छापायला आलेली दोन्ही बाजूंची पत्रकं मी पाहिली आहेत. दोन्हींत वरची ओळ मोठ्या टायपात होती आणि केतकरांचा उल्लेख एकाही पत्रकात नव्हता.

स्वातंत्र्याच्या सुमारास देशात बेने इस्रायल वीस हजारांच्या घरात होते. त्यातले बहुतेक इस्रायलला गेले. शेजारचे काका-काकूही गेले. तिथे त्यांच्या लोकांना लग्नासाठी ‘तुम्ही खरे यहुदी का’ असं विचारलं गेलं, त्यावर भांडावं लागलं, १९६४ साली तिथल्या सरकारने बरोबरीचा निर्वाळा दिला. कोकणात अठरापगड जातींनी जे कधी विचारलं नव्हतं ते स्वतःच्या धर्मभूमीत ऐकावं लागलं! महाराष्ट्राने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. त्याच वर्षी पनवेलची महानगरपालिका झाली.

आता खारघर, कामोठे, नवीन पनवेल मिळून हे सगळं एकच शहर झालं आहे. सिडकोच्या नोडमध्ये देवळं, चर्च, गुरुद्वारा, मशिदी सगळं आहे, आखलेल्या भूखंडांवर, पाटीसकट. भांडण नाही. पण कोणाचं दार कुठल्या दिवशी बंद असतं हे बाराव्या मजल्यावरच्या माणसाला कळायचं कसं? माझा मुलगा सोसायट्यांच्या दिनदर्शिका छापतो. त्यात मी हट्टाने यहुदी सण घालायला लावतो. इथे एकही यहुदी घर नाही, म्हणून जागा वाया जाते, असं एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी सांगितलं. मी म्हटलं, पंचकही छापतो, ते तरी कोण पाळतं?

२०२६ साली आपला अधिक ज्येष्ठ आहे. म्हणून दसरा लांबून २० ऑक्टोबरला जातो. दारफळणी मात्र २० सप्टेंबरच्या संध्याकाळी लागते आणि २१ ला संपते, म्हणजे ऐन गणपतीत, आठव्या दिवशी. जुन्या गावातल्या मंडळाची कार्यक्रमपत्रिका दर वर्षी आमच्याकडेच येते. प्रूफ हातात आलं की त्या संध्याकाळी ऑर्केस्ट्रा कुठल्या रस्त्यावर लावलाय ते मी आधी बघणार आहे, आणि स्पीकरचं तोंड मशिदीकडे असेल तर अध्यक्षांना छापखान्यात चहाला बोलावणार आहे.