बंधाऱ्यामागचा गाळ आणि नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमाशी असलेले नांदूर मध्यमेश्वर आज पक्षी अभयारण्य म्हणून ओळखले जात असले, तरी तेथील उथळ पाणी, बेटे आणि पाणकणसांची दाटी यांपैकी काहीही सव्वाशे वर्षांपूर्वी आजच्या रूपात नव्हते. फाल्गुनातल्या दुपारी चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावरून जे दृश्य दिसते, ते समजून घ्यायचे असेल तर पक्षिशास्त्राइतकाच दख्खनच्या दुष्काळांचा आणि पाटबंधाऱ्यांचा इतिहासही पाहावा लागतो.

1896-97 आणि 1899-1900 या लागोपाठच्या दुष्काळांनी मुंबई इलाख्यातील पर्जन्यछायेचा प्रदेश, म्हणजे सह्याद्रीच्या आडोशामुळे पावसाला पारखा राहणारा पूर्वेकडचा टापू, पार होरपळून निघाला. त्यानंतर 1901 मध्ये सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखाली सिंचन आयोग नेमण्यात आला, आणि सरकारी तिजोरीला नफा देणार नाहीत पण दुष्काळात माणसे व जनावरे जगवतील अशा ‘संरक्षक’ कालव्यांचा विचार गांभीर्याने सुरू झाला. गोदावरी कालवे ही त्याच काळातील योजना होय. इगतपुरीजवळ दारणा नदीवर धरण बांधून पावसाळ्याचे पाणी साठवायचे, ते नदीच्याच पात्रातून खाली सोडायचे आणि नांदूर मध्यमेश्वर येथे अडवून दोन्ही तीरांवरच्या कालव्यांत वळवायचे, अशी तिची रचना आहे. यासाठी 1907 नंतरच्या काही वर्षांत येथे दगडी बंधारा उभारण्यात आला. अशा बांधकामाला वळण बंधारा म्हणतात; मोठा साठा करणे हे त्याचे काम नसते, पाण्याची पातळी कालव्याच्या तोंडापर्यंत उचलून धरणे एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असते. ज्वारी-बाजरी वाचवण्यासाठी आखलेल्या या पाण्यावर पुढे कोपरगाव आणि राहाता भागात ऊस उभा राहिला, आणि नगर जिल्ह्याच्या उत्तर भागाचे अर्थकारण बदलून गेले. ती कथा मराठी वाचकाला परिचित आहे. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला त्याच वेळी जे घडत होते, त्याकडे मात्र फार उशिरा लक्ष गेले.

नदीचे पाणी अडले की त्याचा वेग मंदावतो आणि त्याने वाहून आणलेली माती तळाशी बसू लागते. नांदूर मध्यमेश्वरच्या उथळ फुगवट्यात, म्हणजे बंधाऱ्यामुळे मागे पसरलेल्या पाण्यात, गोदावरी आणि कादवा या दोन्ही नद्यांनी दरवर्षी काळा गाळ आणून टाकला. त्याची आधी पुळणे झाली, पुढे बेटे झाली, बेटांवर बाभळी रुजल्या आणि कडेच्या चिखलात पाणकणीस व लव्हाळे माजले. अभियंत्याच्या हिशेबात साठवण क्षमतेची घट म्हणून नोंदली जाणारी ही प्रक्रिया पाणपक्ष्यांसाठी घर बांधण्याची प्रक्रिया ठरली, कारण खोल जलाशयापेक्षा गुडघाभर पाणी आणि त्यालगतचा ओला चिखल त्यांना अधिक अन्न देतो. अशा कायम किंवा हंगामी ओलाव्याच्या उथळ जागेला पाणथळ म्हणतात.

पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी या जागेला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हटल्याचे नेहमी सांगितले जाते. ही तुलना पक्ष्यांच्या संख्येपुरती घेतली जाते, परंतु ती त्याहून खोल जाते. भरतपूरचे केवलादेव हेदेखील माणसाने पाणी अडवल्यामुळे तयार झालेले पाणथळ असून, त्याचे नाव तेथील महादेवाच्या मंदिरावरून पडले आहे, जसे नांदूरचे नाव मध्यमेश्वरावरून. फरक आहे तो पूर्वेतिहासाचा. केवलादेव ही संस्थानिकांची शिकारीची जागा होती आणि 12 नोव्हेंबर 1938 या एकाच दिवशी, व्हाइसरॉय लिनलिथगो पाहुणे असताना, तेथे 4,273 पक्षी मारले गेले. नांदूरचे पाणी शेतीसाठी अडवले गेले होते, आणि पक्षी त्यावर आपणहून आले.

वसंतातल्या दुपारी या पाणथळीची दोन रूपे एकाच वेळी दिसतात. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले पट्टकदंब हंस बेटाच्या कडेला माना पाठीत खुपसून विसावलेले असतात. तिबेट आणि मंगोलियाकडे, हिमालय ओलांडून जाण्यापूर्वी अंगात चरबी साठवण्याचे त्यांचे दिवस असतात. थापट्या आणि तलवार बदकांचे थवे फाल्गुन सरता सरता विरळ होत जातात. वस्तीला राहणाऱ्या पक्ष्यांना ही घाई नसते. कपाळावर पांढरा टिळा मिरवणारे काळे वारकरी पक्षी पाण्यावर शेकड्यांनी पसरलेले असतात, शेकाट्या चिखलात लांब लाल पायांवर तोलून चालतो आणि जांभळी पाणकोंबडी पाणकणसाचा देठ उपटून, तो माणसाने हातात धरावा तसा पायाच्या बोटांत धरून, साल सोलून आतला कोवळा गर खाते.

शासनाने 1986 मध्ये येथे अभयारण्य जाहीर केले. त्याचे क्षेत्र सुमारे 100 चौरस किलोमीटर असून त्यात गावे आणि बागायती शेतीही येते, त्यामुळे हे कुंपणातले जंगल कधीच नव्हते. जानेवारी 2020 मध्ये या पाणथळीचा रामसर यादीत समावेश झाल्याचे जाहीर झाले. इराणमधील रामसर शहरात 1971 साली झालेल्या करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांची ही यादी ठेवली जाते, आणि तिच्यात आलेली महाराष्ट्रातील ही पहिली जागा होय.

या बहुमानाने धोके संपलेले नाहीत. ज्या गाळाने पाणथळ घडवली तोच साचत राहिला तर तिची कोरडी जमीन होईल. नाशिककडून येणारे सांडपाणी जलपर्णीला खतासारखे लागू पडते आणि तिच्या हिरव्या थराखाली उघडे पाणी झाकले जाते. उलट, गाळ सरसकट उपसला, तर बेटे आणि चिखल जातील. पावसाळ्यात खालच्या जायकवाडी धरणाकडे सोडल्या जाणाऱ्या विसर्गाचे आकडे नांदूर मध्यमेश्वरच्या नावाने बातम्यांत रोज येतात, पण उन्हाळ्यात बंधाऱ्यामागे पक्ष्यांसाठी किती पाणी राहावे हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. बंधारा आजही कालव्यांसाठीच चालतो, आणि चैत्रात शेकाट्याच्या पायाखाली किती पाणी असेल हे पाटबंधाऱ्याच्या आवर्तनांवर, म्हणजे कालव्यांत पाणी सोडण्याच्या पाळ्यांवर, ठरते.