वर्षातून एकदा सीमोल्लंघन करणारी मोटार #थ्रेड

१/ सातपुड्यातील काठी संस्थानची राजवाडी होळी आजही दरवर्षी पेटते. संस्थान मात्र केव्हाच विलीन झाले. राज्ये गेली, विधी उरले. कोल्हापूरच्या शाही दसऱ्यात असाच एक विधी चक्क चार चाकांवर येतो.

२/ ती गाडी म्हणजे छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत (१९२२-१९४०) जर्मनीहून आलेली मेबॅक. झेपेलिन हवाई जहाजांची इंजिने बनवणाऱ्या या कंपनीने १९२१ पासून सुमारे दोन दशके मोटारी घडवल्या, त्याही दोन हजारांच्या आतच. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. विजयादशमीला छत्रपतींनी मेबॅकमधून दसरा चौकात यायचे, हा रिवाज मात्र टिकला. एरवी ती रस्त्यावर क्वचितच दिसते.

३/ तिच्याच पिढीतली इंदूरच्या यशवंतराव होळकरांची ड्यूसेनबर्ग आठवा. सुपरचार्जर लावलेले आठ सिलिंडरांचे इंजिन, नारिंगी-काळा रंग, गर्नी नटिंग या इंग्रज कारागीरांनी बांधलेली बॉडी. खरी वेगाची गाडी! ती पुढे अमेरिकेत गेली. मेबॅक इथेच राहिली, याचे बरेचसे श्रेय मी दसऱ्याला देतो. वर्षातून एक दिवस का होईना, तिला काम होते.

४/ पण हा एक दिवस सोपा नाही. दसरा येतो तो पावसाळा सरता सरता, म्हणजे चार महिन्यांच्या दमट हवेनंतर. उभ्या गाडीच्या सिलिंडरांवरचे तेल ओघळून जाते आणि उघड्या धातूवर गंज धरतो. बॅटरी आपोआप उतरते, प्लेटांवर सल्फेट साचते. टायर एकाच जागी दबून चपटे होतात; म्हणून गाडी जॅकवर उचलतात किंवा अधूनमधून हलवतात.

५/ ‘रोज पाच मिनिटे इंजिन चालू ठेवा’ हा घरोघरी मिळणारा सल्ला तर उलटाच. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास तितकेच पाणी तयार होते. इंजिन पुरते तापले नाही, तर ते पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये उतरते. सुरू करायचीच, तर गाडी तापेपर्यंत चालवावी.

६/ आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. ते हवेतली ओल शोषते. जुन्या काळच्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरची वॉशरे तर या इंधनासाठी बनलेलीच नव्हती. टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल ठेवले, तर त्याचा चिकट थर जेटमध्ये बसतो. त्यामुळे दसऱ्याआधी जुने इंधन काढून ताजे भरणे बरे.

७/ अशी गाडी संग्रहालयात काचेआड ठेवावी, असेही काहींना वाटते. तिथे रंग टिकेल, इंजिन नाही. शिवाय गाडी चालवणारा, तिचा आवाज ओळखणारा मिस्त्री काचेआड घडत नाही. या मोटारींचे सुटे भाग कारखान्याने देणे थांबवून कैक दशके झाली. तुटलेला भाग मोजमाप घेऊन लेथवरच घडवावा लागतो.