विकेट आमच्या, कप्तानी त्यांची



परभणीत वसमत रोडवरच्या एका टपरीवर परवा संध्याकाळी चांगलाच वाद रंगला होता. उन्हाळा लागला की गावोगाव टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात, आणि आता त्या स्पर्धांनाही लिलाव आलाय. संघमालकाला ठरावीक पॉइंट मिळतात, खेळाडूंच्या नावाच्या चिठ्ठ्या निघतात आणि बोली लागते. आमच्या वस्तीतली चार पोरं एकाच संघात गेली होती. संघ पाचपैकी चार सामने हरला. त्या चार पोरांनी सगळ्यात जास्त विकेट घेतल्या, पण गोलंदाजी कुणाला कधी द्यायची हे ठरवत होता मालकाचा भाचा. तोच कप्तान. त्यामुळे पुढच्या लिलावात आपल्याला कोण घेईल, किती पॉइंटला घेईल, कुणाची किंमत वाढली, कुणाची पडली, याचा हिशेब टपरीवर चालू होता.

त्यातला एक इंजिनिअरिंगचा पोरगा मोबाइलवर अमेरिकेचं बास्केटबॉल बघतो. तो म्हणाला, तिकडे बरं आहे. जो संघ जास्त हरतो त्याला पुढच्या वर्षी नवा खेळाडू आधी निवडायची संधी असते. दुसरा लगेच म्हणाला, "मग तिकडं आपल्यासारख्याला कप्तान करतात का?"

या प्रश्नाला शंभर वर्षांहून जास्त जुना इतिहास आहे आणि तो आपल्याच महाराष्ट्रातला आहे. आपल्या पोरांना सचिन पाठ असतो, विनोद कांबळी ठाऊक असतो. बाळू पालवणकर हे नाव मात्र दहातल्या एकालाही माहीत नसतं. ज्यांना माहीत असतं त्यांना ते एकाच वाक्यात माहीत असतं : "ते ना, बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिलेले." एवढ्या एका वाक्यात माणूस निकालात काढायचा हे मला पटत नाही, म्हणून हा लेख.

बाळूंचा जन्म १८७० च्या दशकातला, धारवाडचा. मूळ गाव कोकणातलं पालवण, जात चांभार, वडील लष्करात नोकरीला. पुण्यात आधी एका पारशी क्लबात खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, महिना तीन रुपये. मग गोऱ्यांच्या पूना क्लबात महिना चार रुपयांवर तेच काम. तिथल्या साहेबांना सरावासाठी कुणीतरी चेंडू टाकणारं हवं होतं. बाळू डावखुरे फिरकी गोलंदाज. ग्रेग नावाचा कॅप्टन तेव्हाचा नावाजलेला फलंदाज. बाद केलंस की आठ आणे, असं त्याने बाळूंना सांगितलं होतं अशी गोष्ट आजही सांगतात. क्लबाने बाळूंच्या हातात चेंडू भरपूर वेळा दिला, बॅट मात्र दिली नाही. फलंदाजी साहेब लोकांची, गोलंदाजी नोकरांची. वर्णव्यवस्था खेळातही कशी शिरते बघा, आणि इथे तर ती गोऱ्यांच्या हातून शिरलेली आहे.

पुण्याच्या हिंदू क्लबाला त्याच गोऱ्यांना हरवायचं होतं आणि हरवता येत नव्हतं. आता वाद सुरू झाला. या पोराला घ्यायचं का? रामचंद्र गुहांनी या काळावर बारकाईने लिहिलं आहे. त्यांच्या नोंदीनुसार क्लबातले तेलुगू सभासद बाळूंना घ्या म्हणत होते आणि पुण्याचे ब्राह्मण सभासद अडून बसले होते. शेवटी घेतलं. का घेतलं, हे महत्त्वाचं आहे. माणुसकीचा पाझर फुटला म्हणून नव्हे, जिंकायचं होतं म्हणून घेतलं. मैदानावर बाळूंनी हाताळलेला चेंडू सगळ्यांना चालत होता. चहाच्या वेळी बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या कुल्हडात. जेवण वेगळ्या जागी. चेंडूला विटाळ नाही, कपाला आहे! न्यायमूर्ती रानड्यांनी तेव्हा जाहीरपणे विचारलं होतं, सोबत खेळता तर सोबत बसून खायला काय हरकत आहे? रानड्यांना हे विचारावं लागलं यातच सगळं आलं.

१८९६ ला पुण्यात प्लेग आला आणि बाळू मुंबईला गेले. तिथे हिंदू जिमखान्यात पुन्हा तोच विरोध, आणि पुन्हा तोच तोडगा : विकेट हव्यात, घ्या याला. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना शंभराहून अधिक धावांनी हरवलं. देशभर बोलबाला झाला. तोवर जिमखान्यात बाळू इतरांसोबत जेवू लागले होते, आणि सुधारकांच्या पत्रांनी तर हा विजय म्हणजे जातिबंधनं सैल झाल्याचा दाखलाच ठरवला. काही अंशी ते खरं होतं, मी नाकारत नाही. विकेट पडत गेल्या तसा कप बदलला. म्हणजे किंमत वाढली. पण किंमत वाढणं वेगळं आणि अधिकार मिळणं वेगळं.

१९११ चा इंग्लंड दौरा बघा. पहिला अखिल भारतीय संघ, कप्तान पतियाळाचे महाराज. संघ एकूण २३ सामने खेळला, सहा जिंकला, १५ हरला, दोन अनिर्णित राहिले. महाराज बहुतेक सामन्यांत मैदानावर दिसलेच नाहीत, राज्यारोहणाचा सोहळा आणि मेजवान्या सुरू होत्या. त्या हरणाऱ्या संघात बाळूंनी सगळे सामने धरून ११४ बळी घेतले, सरासरी १९ च्या आत. धाकटे भाऊ शिवराम याच दौऱ्यावर होते. आता टपरीवरच्या पोरांना विचारा, १५ सामने हरलेल्या संघात एकटा माणूस ११४ बळी घेतो, त्याची पुढच्या लिलावात बोली किती लागेल? आणि त्याला कप्तान करावं असं कुणाला सुचेल का?

सुचलं होतं. आधीपासूनच काही लोक म्हणत होते की हिंदू संघाची कप्तानी बाळूंची आहे. वयाने, अनुभवाने, कामगिरीने. १९१३ मध्ये कप्तान झाले एम. डी. पै, ब्राह्मण. पैंच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. त्यांच्याच सत्कारात ते म्हणाले की हा मान खरं तर बाळूंचा होता. मोठ्या मनाचा माणूस. पण मोठ्या मनाच्या माणसालाही खुर्ची सोडता आली नाही, कारण खुर्ची त्याची नव्हतीच. ती निवड समितीची होती.

पालवणकर चार भाऊ : बाळू, शिवराम, गणपत, विठ्ठल. चौघेही हिंदू संघाकडून खेळले. १९२० मध्ये चौरंगी सामने पुण्यात होते. बाळूंना आधी वगळलं. पै उपलब्ध नव्हते, तर कप्तानी विठ्ठलला जायला हवी होती, कारण तोवर तो संघातला अव्वल फलंदाज झाला होता. ती दिली पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधरांना. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि जाहीर पत्रक काढून सांगितलं की आम्हाला जातीमुळे डावललं जातंय. दलित खेळाडूंनी नाव घेऊन, सही करून केलेला हा बहिष्कार महाडच्या सात वर्षं आधीचा आहे. आपल्या चळवळीच्या इतिहासात या पत्रकाला कुठलंच पान का नाही? आपण क्रिकेटला करमणूक समजतो म्हणून? पत्रकाचा परिणाम झाला. पुढच्या सामन्याला भाऊ परत आले, बाळूंना उपकप्तान केलं, आणि पै मैदानाबाहेर गेले तेव्हा काही वेळ का होईना, बाळूंनी संघ चालवला. आयुष्यभराच्या गोलंदाजीने जे मिळालं नव्हतं ते एका बहिष्काराने थोडंफार मिळालं.

१९२३ मध्ये विठ्ठल कप्तान झाले. हिंदू संघाने अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवून जेतेपद घेतलं आणि लोकांनी विठ्ठलना खांद्यावर घेतलं. त्या खांद्यांमध्ये सवर्णांचेही खांदे होते. बाळू मुंबईत खेळू लागल्यापासून तिथवर सुमारे २७ वर्षं गेली. मोठा भाऊ गोलंदाजी करून थकला, मग धाकटा कप्तान झाला.

आता टपरीवरच्या दुसऱ्या पोराचा प्रश्न. अमेरिकेत कप्तान करतात का? १९४९-५० च्या हंगामात बोस्टनचा संघ २२ सामने जिंकला आणि ४६ हरला, आपल्या गटात तळाला गेला. लगेच १९५० च्या निवडीत त्याच संघाने चक कूपर या काळ्या खेळाडूला दुसऱ्या फेरीत घेतलं. त्या लीगच्या निवडीत घेतला गेलेला तो पहिला काळा खेळाडू. म्हणजे पुण्याच्या हिंदू क्लबासारखंच, हरणाऱ्याने दार उघडलं. पण संघ चालवायला काळा माणूस कधी आला? १९६६ ला, बिल रसेल. तोवर रसेलने त्याच बोस्टनला खेळाडू म्हणून नऊ विजेतेपदं मिळवून दिली होती. नऊ! मग कुठे प्रशिक्षकपद. जात आणि वंश एक नाहीत हे मान्य, पण दोन्हीकडे वहीचा हिशेब एकाच पद्धतीने लिहिलेला दिसतो. घाम आधी जमा होतो, हुकूम शेवटी.

इथून पुढचा भाग अवघड आहे, पण तो टाळला तर लेख अर्धवट राहील.

१९११ च्या दौऱ्यानंतर दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला आणि त्यात तरुण भीमराव आंबेडकर होते असं गुहांनी नोंदवलं आहे. बाबासाहेबांच्या पिढीला बाळूंचा अभिमान होता. नंतर वाटा फुटल्या. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना ७१ जागांवर स्वतंत्र मतदारसंघ दिले. म्हणजे आपला प्रतिनिधी आपणच निवडायचा. गांधींनी येरवड्यात उपोषण मांडलं. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. जागा ७१ वरून १४८ झाल्या, पण निवडीची रीत बदलली. आपण प्राथमिक फेरीत चार नावं काढायची आणि त्या चारांतून एक संयुक्त मतदारांनी, म्हणजे बहुसंख्य सवर्णांनी, उचलायचा. हे काय झालं? खेळाडू आमचे, संख्या वाढली, पण निवड समिती त्यांची. करारावर बाळूंचीही सही आहे.

बाळूंनी असं का केलं? कांशीरामजींनी १९८२ मध्ये, कराराला पन्नास वर्षं झाली तेव्हा, 'चमचा युग' लिहिलं आणि संयुक्त मतदारसंघातून कसली माणसं निपजतात ते रोखठोक मांडलं. ते विश्लेषण मला मान्य आहे. पण बाळूंना तो शब्द लावताना माझा हात अडतो. मला वाटतं या माणसाने आपल्या आयुष्यात पाहिलं होतं की आत शिरून, विकेट घेऊन, धीर धरून कप बदलतो, ताट बदलतं, शेवटी भाऊ कप्तानही होतो. त्याने खेळातला अनुभव राजकारणाला लावला. बाबासाहेबांनी नेमका तोच अनुभव उलटा वाचला. २७ वर्षं धीर धरून एका भावाला कप्तानी मिळते, तर पूर्ण समाजाला किती पिढ्या थांबायला सांगणार? आणि समितीच्या मर्जीवर मिळालेली कप्तानी समिती कधीही काढून घेऊ शकते.

१९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत बाबासाहेबांच्या समोर कुणाला उभं केलं? बाळूंना. काँग्रेसकडे सवर्ण पुढाऱ्यांची कमी नव्हती, पण जागा राखीव होती आणि दलितासमोर दलितच लागत होता, तोही लोकांच्या मनात घर केलेला. म्हणजे पुन्हा एकदा बाळूंना गोलंदाजीला बोलावलं, या वेळी आपल्याच माणसाची विकेट काढायला. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. फरक दोन हजारांचा. बाळूंची किंमत काँग्रेसने बरोबर ओळखली होती, यात शंका नाही. पण संघ कुणाचा आणि चेंडू कुणाच्या सांगण्यावरून टाकायचा, हे ठरवणारे पुन्हा दुसरेच होते.

बाळू ४ जुलै १९५५ ला मुंबईत वारले. दीक्षाभूमीवरचा दिवस त्यांनी पाहिला नाही. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेलाही त्यांचा विरोधच होता. तरीही माझं म्हणणं आहे की जयंतीच्या बॅनरवर नसली तरी आपल्या अभ्यासवर्गात या चार भावांना जागा हवी, विशेषतः १९२० च्या त्या पत्रकाला. महार आणि चांभार ही भिंत आपल्या चळवळीला अजून नडते. बाळूंना फक्त "विरोधात उभे राहिलेले" म्हणून मोडीत काढताना आपण त्याच भिंतीवर एक वीट चढवतो.

हे सगळं जुनं झालं म्हणणाऱ्यांनी आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात राखीव सरपंचपदाची निवडणूक बघावी. उमेदवार आपला. पण कोण, हे कुठल्या वाड्यावर बसून ठरतं, आणि सह्यांचा शिक्का कुणाच्या घरी राहतो, ते गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

टपरीवर मी यातलं निम्मंच सांगू शकलो, अंधार पडला आणि चहावाल्याने बाकडी आत घेतली. पोरांनी मात्र ठरवलंय की यंदा लिलावात नावंच द्यायची नाहीत. वस्तीचा स्वतःचा संघ उतरवायचा. प्रवेश फीसाठी वर्गणी सुरू झाली आहे, किट उसनं मिळेल असं दिसतंय. कप्तान कोण, यावरून मात्र काल रात्री ग्रुपवर जोरदार भांडण झालं आणि अजून मिटलेलं नाही.